संगणकाने फोन कधी लावावा?

दोन मोडेम, दोन संगणक आणि मध्ये एक साधी टेलिफोन लाइन, एवढ्या सामानावर मेल आणि फाइलींची देवाणघेवाण आजही सुरू करता येते. त्यासाठीचा यूयूसीपी हा जुना संच डेबियन लिनक्सवर एका आज्ञेत बसतो. लॉगिन जमलं, पहिलं पत्र पलीकडे पोचलं, की करणाऱ्याला वाटतं, झालं काम. मग चार दिवसांनी तक्रारी सुरू होतात. यंत्र भर दुपारी, महागड्या वेळी कॉल लावतं. सोमवार ते शुक्रवार सगळं सुरळीत, पण शनिवारी पहाटेची मेल येत नाही. एकदा पलीकडची लाइन व्यस्त लागली आणि त्यानंतर यंत्र दिवसभर गप्पच बसलं. अशा वेळी लोक मोडेमशी झटापट करत बसतात. दोष बहुतेक वेळा मोडेमचा नसतो, वेळापत्रकाचा असतो.

हा लेख त्या वेळापत्रकापुरता आहे. मोडेमची जुळणी, लॉगिनची प्रश्नोत्तरं, पासवर्ड हे सगळं जमलं आहे असं धरून चालू. कॉलेजच्या प्रयोगशाळेत जुनी युनिक्स यंत्रं जागी करणारे, घरी छोटं एक्स्चेंज बसवून त्यावर मोडेम बोलते करणारे, अशांना याचा थेट उपयोग होईल. ज्यांची लाइन टेलिफोनची नाही पण अरुंद, महाग किंवा ठरावीक वेळीच मिळणारी आहे, त्यांनाही व्हावा. ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉन भागात ऱ्हायझोमॅटिका ही संस्था लघुलहरी रेडिओवरून गावागावांत निरोप आणि फाइली पोचवते, आणि त्या हर्मीस नावाच्या व्यवस्थेतही यूयूसीपीच वापरलेलं आहे. तिथे बिलाची जागा सौर पॅनेलवर भरणाऱ्या बॅटरीने घेतली आहे. वेळेचा हिशेब मात्र सुटलेला नाही.

वेळेचा हा हिशेब यूयूसीपीत मागाहून जोडलेला नाही. बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी सुरू केलेलं हे काम १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर बाहेर पसरलं, तेव्हा संगणक जोडणाऱ्या कायमच्या तारा फार थोड्या संस्थांना परवडत. फोन मात्र सगळीकडे होता. फोनचं बिल मिनिटांवर आणि मिनिटाचा भाव घड्याळावर. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या कॉलला रात्री अकरा ते सकाळी आठ सगळ्यात स्वस्त दर असे, शनिवारी दिवसभर आणि रविवारी संध्याकाळी पाचपर्यंतही तोच. आपल्याकडे १९९०च्या दशकात एसटीडीचा दर रात्री अकरानंतर पाव होई, म्हणून बूथसमोर त्या वेळी रांगा लागत. यंत्रांनीही त्याच वेळेला रांग लावली तर नवल नाही. अर्नेट या भारताच्या शैक्षणिक जाळ्याची सुरुवात १९८६-८७च्या सुमारास झाली, तेव्हा मुंबईत जुहूचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईची आयआयटी यांच्यातली मेल अशीच डायल-अपवरून, यूयूसीपीने जात होती.

मुद्द्याकडे येऊ. यंत्र फोन कधी लावतं हे एका जागी ठरत नाही, तीन जागी ठरतं, आणि या तिन्हींची सरमिसळ झाली की वर सांगितलेल्या तक्रारी उगवतात. पहिली जागा मुभेची: अमुक यंत्राला कोणत्या वेळी फोन लावायला परवानगी आहे. दुसरी फेरीची: काम असो वा नसो, कोणत्या वेळी फोन लावून पाहायचाच. तिसरी उसंतीची: कॉल फसला तर पुन्हा प्रयत्न करण्याआधी किती थांबायचं. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या फाइलींत लिहिल्या जातात आणि एकमेकींना न विचारता वागतात. प्रत्यक्ष फोन लागतो तो तिघींचं जमलं तरच.

मुभा

मुभा लिहायची जागा म्हणजे पलीकडच्या यंत्राची नोंद. हनीडॅनबर या १९८३च्या आवृत्तीत आणि तिच्यापासून निघालेल्या सोलॅरिससारख्या प्रणालींत ती ‘सिस्टिम्स’ फाइलमध्ये असते. यंत्राच्या नावानंतरचा दुसरा रकाना वेळेचा. इयान लान्स टेलर यांच्या मुक्त आवृत्तीत, म्हणजे आज लिनक्सवर मिळते तिच्यात, ‘सिस’ नावाच्या फाइलीत ‘टाइम’ या आज्ञेपुढे तेच लिहायचं. लिहिण्याची तऱ्हा दोन्हीकडे सारखी. वारासाठी इंग्रजी नावाची पहिली दोन अक्षरं, सोमवारला एमओ, शनिवारला एसए. सोमवार ते शुक्रवार एकदम म्हणायचे तर डब्ल्यूके. केव्हाही चालेल तर एनी. कधीच नको तर नेव्हर. त्याला चिकटून चोवीस तासांच्या घड्याळात चार-चार अंकी दोन वेळा, मधे आडवी रेघ. दोन नोंदींमध्ये स्वल्पविराम, मोकळी जागा नाही.

‘नेव्हर’ हा शब्द नवख्यांना खटकतो. ज्याला कधीच फोन करायचा नाही त्याची नोंद कशाला? कारण तो आपल्याला फोन करतो. त्याच्यासाठी आलेली मेल आपल्या स्पूलमध्ये, म्हणजे पाठवायच्या कामांच्या रांगेत, पडून राहते आणि त्याने फोन केला की ती त्याच कॉलवर जाते. वेळेचा रकाना फक्त बाहेर जाणाऱ्या कॉलना अडवतो. आत येणाऱ्यांना तो काही म्हणत नाही. कॉल कोण करणार म्हणजे बिल कोण भरणार, हे या एका शब्दात ठरतं. हा निर्णय मात्र पलीकडच्या माणसाशी आधी बोलून घ्यावा. दोन्ही बाजूंनी ‘नेव्हर’ लिहून आपापल्या जागी वाट पाहत बसलेली यंत्रं काही दुर्मीळ नाहीत.

आता शनिवार पहाटेची भानगड. समजा, स्वस्त दर रात्री अकरा ते सकाळी सात आहे आणि तुम्ही लिहिलंत, डब्ल्यूके २३०५-०६५५. मध्यरात्र ओलांडणारी वेळ यूयूसीपीला चालते. पण वार कोणता धरायचा हे ते त्या क्षणीच्या तारखेवरून ठरवतं, रात्र कुठल्या संध्याकाळी सुरू झाली यावरून नाही. म्हणून या नोंदीचा अर्थ असा होतो: सोमवार ते शुक्रवार, त्या-त्या दिवशी पहाटे सहा पंचावन्नपर्यंत, आणि त्याच दिवशी रात्री अकरा पाचपासून बारापर्यंत. शुक्रवारी रात्री बारा वाजले की वार शनिवार होतो आणि मुभा संपते. उलट सोमवारी पहाटेची वेळ, जी खरं तर रविवारच्या रात्रीची, ती न मागता मिळते. शनिवारची पहाट हवी असेल तर शनिवार वेगळा लिहा. सुट्टीच्या दिवशीचे दर दिवसभर स्वस्त असतील तर एसए आणि एसयू वेळेशिवाय लिहिले की पुरतं.

अकरा वाजून पाच मिनिटं आणि सातला पाच कमी, हे अंक मुद्दाम निवडलेले आहेत. बिल करणारं घड्याळ टेलिफोन एक्स्चेंजचं. तुमचा संगणक ते पाहत नाही. जुन्या यंत्राची घड्याळं महिन्याला काही मिनिटं सहज सरकतात. दोन्ही टोकांना पाच मिनिटं सोडली तर घड्याळ तेवढं पुढे-मागे असलं तरी कॉल स्वस्त वेळेतच पडतो. यंत्र इंटरनेटवरून घड्याळ लावून घेत असेल तर ही सावधगिरी फुकट जाईल, जाऊ द्या.

शेवटचं टोक मात्र पाच मिनिटांवर सोडून भागत नाही. मुभा तपासली जाते ती कॉल लावताना. एकदा सुरू झालेला कॉल मुभा संपली म्हणून तुटत नाही. सहा चोपन्नला लागलेला फोन साडेसातपर्यंत चालू शकतो, आणि वरची सगळी मिनिटं महाग दराने. म्हणून तुमचा नेहमीचा कॉल जेवढा चालतो तेवढं अंतर आधी मुभा बंद करा. कॉल वीस मिनिटांचा असेल तर ०६३५ लिहा. रात्रीच्या सुरुवातीला इतकी चिंता नको.

फेरी

मुभा उघडली म्हणून फोन आपोआप लागत नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो. वेळेचा रकाना म्हणजे वेळापत्रक असं समजून लोक तिथे बारकाईने वेळा लिहितात आणि मग वाट पाहतात. फोन लावणारा कार्यक्रम आहे यूयूसिको, आणि त्याला कोणीतरी हाक मारावी लागते. ही हाक दोन ठिकाणांहून येते.

एक म्हणजे तुमचा मेल पाठवणारा कार्यक्रम. तो पत्र यूयूएक्स या आज्ञेला देतो, यूयूएक्स ते रांगेत टाकतं, आणि मुकाट्याने थांबण्याऐवजी लगेच यूयूसिकोला उठवतं. म्हणजे मुभेच्या वेळेत कोणी एका ओळीचं पत्र टाकलं की एक कॉल, दुसऱ्याने दोन ओळींचं टाकलं की आणखी एक. ‘एनी’ लिहिलेल्या नोंदीबरोबर हे दिवसभर चालतं. यावर उपाय छोटा आहे: यूयूएक्सला छोट्या आर अक्षराचा पर्याय द्या, म्हणजे ते रांगेत टाकून गप्प बसतं. मेल-कार्यक्रमाच्या मांडणीत यूयूएक्स ज्या ओळीत बोलावलं जातं ती ओळ शोधा आणि तिथे हा पर्याय आहे की नाही ते पाहा. सेंडमेलच्या मांडणीत तो बहुधा असतो. हाताने लिहिलेल्या मांडणीत बहुधा नसतो. वेळापत्रकाचं काम मी इथूनच सुरू करायला सांगेन, कारण ही एक गोष्ट राहिली तर पुढचं सगळं केलेलं पाण्यात जातं.

दुसरी हाक क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या कार्यक्रमाची. हनीडॅनबरमध्ये यासाठी दोन छोट्या स्क्रिप्ट आहेत आणि त्यांची जोडी समजून घेण्यासारखी आहे. पहिली, ‘यूयूडीमन पोल’, फोन लावतच नाही. ती ‘पोल’ नावाची फाइल वाचते. तिच्यात यंत्राचं नाव, मग टॅब, मग चोवीस तासांपैकी कोणकोणत्या तासाला फेरी हवी ते अंक असतात. आत्ताचा तास तिथे असेल तर ती रांगेत एक रिकामं काम टाकते. दुसरी, ‘यूयूडीमन आवर’, रांगेत कोणाचं काम पडलं आहे ते बघून यूयूसिकोला उठवते. सोलॅरिसच्या नमुना क्रॉनटॅबमध्ये पहिली दर तासाच्या ठोक्याला आणि दुसरी तासानंतर ११ आणि ४१ मिनिटांनी ठेवलेली आहे. क्रम उलटा केलात, म्हणजे आवर आधी आणि पोल मागून, तर फेरी अर्धा-पाऊण तास उशिरा निघते आणि कारण सापडत नाही. पोल फाइलमध्ये टॅबऐवजी मोकळ्या जागा टाकल्या तर फेरी निघतच नाही. संपादकात टॅबच्या जागी मोकळ्या जागा घालायची सवय असेल तर ती इथे बंद करा.

टेलर आवृत्तीत याहून सोपं आहे. क्रॉनटॅबमध्ये थेट यूयूसिको, छोट्या एसपुढे यंत्राचं नाव. काम असेल तरच फोन लावायचा असेल तर मोठ्या सीचा पर्याय सोबत. ही क्रॉनटॅब यूयूसीपी या वापरकर्त्याच्या नावाने असावी. रूटच्या नावाने चालवू नका.

रिकामं काम टाकून फोन लावायचा कशासाठी? कारण यूयूसीपीचा कॉल दुतर्फी आहे. आपलं पाठवून झालं की भूमिका बदलतात आणि पलीकडचं यंत्र आपल्यासाठी ठेवलेलं द्यायला लागतं. ते आपल्याला फोन करणार नसेल तर त्याच्याकडे पडलेली मेल आणायला आपल्यालाच जायला हवं, आपली पिशवी रिकामी असली तरी.

क्रॉनमध्ये मिनिट निवडताना शून्य आणि तीस टाळा. माणसाचा हात आपोआप तिथे जातो. त्यामुळे ज्या यंत्राला दहा-पंधरा जण फोन करतात तिथे अकराच्या ठोक्याला सगळेच धडकतात आणि एक-दोन मोडेम सोडले तर बाकीच्यांना व्यस्तचा आवाज ऐकू येतो. सतरा घ्या, तेवीस घ्या, चव्वेचाळीस घ्या. दोन यंत्रं एकमेकांना फोन करणार असतील तर त्यांच्या वेळांमध्ये चांगलं अंतर ठेवा, नाहीतर दोघंही एकाच क्षणी लाइन उचलतील आणि दोघांनाही दुसरा व्यस्त मिळेल. फिडोनेट या हौशी बुलेटिन-बोर्डांच्या जाळ्याने, जे टॉम जेनिंग्ज यांनी १९८४ मध्ये सुरू केलं, याच्या बरोबर उलट वाट धरली होती. ठरावीक एक तास सगळ्यांनी फक्त मेलसाठी राखायचा. उत्तर अमेरिकेत ती वेळ जागतिक वेळेप्रमाणे सकाळी नऊ ते दहा, म्हणजे हिवाळ्यात न्यूयॉर्कला पहाटेचे चार. त्या तासात माणसांचे फोन घ्यायचेच नाहीत असा नियम. शेकडो छोटी केंद्रं, प्रत्येकाकडे एकच लाइन, म्हणून ते तिथे चाललं. तुमच्याकडे ओळखीची दोन-चार यंत्रं असतील तर फोन करून प्रत्येकाला वेगळं मिनिट वाटून देणं बरं.

किती फेऱ्या पुरेत, हा प्रश्न आकड्यांवर सोडवावा. २४०० बिट वेगाच्या मोडेमवर सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून एका बाइटला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला २४० बाइट. यूयूसीपीचा मूळचा ‘जी’ प्रोटोकॉल ६४-६४ बाइटच्या पुडक्यांत पाठवतो; त्यांची शीर्षकं आणि पोचपावत्या वजा केल्या तर हातात सव्वादोनशेहून थोडे कमी राहतात. म्हणजे एक मेगाबाइटला साधारण ८० मिनिटं. ९६०० वर तेच २० मिनिटांत. याशिवाय प्रत्येक कॉलला डायल करणं, घंटी, मोडेमची किणकिण, लॉगिन, ओळख पटवणं, शेवटी निरोप, यात मिनिटभर तरी जातं आणि त्यात एक अक्षरही पलीकडे जात नाही. दिवसाला दहा पत्रं येत असतील तर दर तासाच्या फेरीत बहुतेक कॉल हे नुसतं मिनिटभर नमस्कार-चमत्कार होतात. पल्सवर बिल होत असेल तर अर्धवट पल्सचेही पूर्ण पैसे. माझं मत विचाराल तर हौशी किंवा छोट्या कार्यालयाच्या जोडणीला रात्री एक मोठी फेरी, पहाटे माणसं उठण्याआधी एक, आणि फारच निकड असेल तर दुपारी एक, एवढं भरपूर झालं. पत्र अर्ध्या तासात पोचायलाच हवं असं ज्यांना वाटतं त्यांनी डायल-अप वापरू नये.

आता रात्री सगळं एकदम नको आणि दुपारची फेरी महाग, अशी कोंडी झाली तर मेल आणि बाकीचा बोजा वेगळा करता येतो. यूयूसीपीच्या प्रत्येक कामाला एका अक्षराची किंवा अंकाची प्रत (ग्रेड) असते: शून्य सगळ्यात तातडीचं, मग नऊपर्यंतचे अंक, मग मोठी अक्षरं, शेवटी छोटी. प्रघात असा की मेल मोठ्या सी प्रतीने जाते आणि यूजनेटच्या बातम्यांचे गठ्ठे छोट्या डीने. टेलर आवृत्तीत ‘टाइमग्रेड’ या आज्ञेने प्रत आणि वेळ जोडीने सांगता येते: सी आणि त्याहून तातडीचं केव्हाही, बाकी सगळं रात्रीच. फोन आपण लावला तरी पलीकडून गठ्ठे येऊन आदळतात, म्हणून ‘कॉल-टाइमग्रेड’ने त्यालाही सांगावं लागतं की दिवसा फक्त मेल दे, हे अर्थात पलीकडच्याने ऐकलं तर. फाइलीच्या आकारावरही वेळेनुसार मर्यादा घालता येते, पण दोन माणसांच्या व्यवहारात ती लागलेली मी पाहिलेली नाही.

रात्रीच्या मोठ्या फेरीची वेळ ठरवताना यंत्रावर आणखी काय चालतं तेही पाहा. बातम्या उलगडायला डिस्कवर जागा हवी, म्हणून जुन्या बातम्या काढून टाकणारं काम फेरीच्या आधी, नंतर नव्हे. बॅकअप त्याच तासात नको. जुन्या यंत्राचा सिरिअल पोर्ट डिस्क गरगरत असताना बाइट गाळतो, मग पुडकी पुन्हा पाठवावी लागतात आणि कॉल लांबतो.

उसंत

कॉल फसतो. लाइन व्यस्त असते, पावसात खरखर होते, पलीकडचं यंत्र बंद असतं. मग पुढचा प्रयत्न कधी, हे यूयूसिको स्वतः ठरवतं. हनीडॅनबरच्या पद्धतीत आपण काहीच सांगितलं नसेल तर ही उसंत दर अपयशानंतर दुप्पट होत जाते: पहिल्यांदा पाच मिनिटं असेल तर मग दहा, मग वीस, मग चाळीस, असं करत थेट २३ तासांपर्यंत. पलीकडची लाइन रात्रभर बंद असली तर पहाटेपर्यंत उसंत कित्येक तासांची झालेली असते. सकाळी तिकडचा माणूस येऊन यंत्र चालू करतो, आणि तुमचं यंत्र संध्याकाळपर्यंत ढिम्म. ‘दिवसभर गप्प बसलं’ ही तक्रार इथली.

वेळेच्या रकान्यात शेवटी अर्धविराम देऊन मिनिटं लिहिली तर उसंत तेवढीच राहते, वाढत नाही. नऊ लिहिलं तर कायम नऊ मिनिटं. मोह होतो लहान आकडा लिहायचा. जपून. क्रॉन यूयूसिकोला तासातून दोनदाच उठवत असेल तर नऊ काय आणि पंचवीस काय, प्रयत्न अर्ध्या तासानेच होणार. रात्री स्वस्त वेळ सहा-सात तासांची असेल तर अर्ध्या तासाच्या अंतराने बारा-तेरा प्रयत्न मिळतात; त्यात एकही लागला नाही तर दोष वेळापत्रकात नाही, पलीकडे आहे.

वाढत जाणाऱ्या उसंतीला शिव्या देण्याआधी ती कशासाठी आहे ते लक्षात घ्या. नंबर चुकीचा लिहिला असेल तर यंत्र कुणाच्या तरी घरी रात्री दोनला फोन लावतं. उचलणारा हॅलो हॅलो म्हणतो, त्याला शांतता किंवा शिट्टी ऐकू येते, तो ठेवून देतो. दहा मिनिटांनी पुन्हा. माणूस असता तर पहिल्या हॅलोला चूक समजली असती. यंत्राच्या लेखी तो फक्त ‘लॉगिन फसलं’. म्हणून नवा नंबर लिहिला की पहिला कॉल दिवसा, आपण समोर बसून, मोडेमचा स्पीकर चालू ठेवून लावायचा. मोडेमचा सूर ऐकू आला की मगच रात्रीच्या यादीत तो नंबर घालायचा. यात सूट नको. टेलर आवृत्तीत लागोपाठ किती अपयशांनंतर प्रयत्न सोडायचे तेही सांगता येतं. मूळ आकडा २६ आहे, नव्या नंबरासाठी तो चार-पाचवर आणा.

हाताने लगेच फोन लावून पाहायचा असेल तर टेलरच्या यूयूसिकोला छोट्या एसऐवजी मोठा एस द्या, तो उसंत ओलांडतो. सोलॅरिसकडे हेच ‘यूयूट्राय’ला छोटा आर देऊन होतं. पण उसंत ओलांडली म्हणजे मुभा मिळाली असं नाही. दुपारी बारा वाजता मोठा एस देऊनही फोन लागत नसेल तर वेळेचा रकाना बघा.

आणि नुसतं बघूही नका, विचारा. ‘यूयूस्टॅट’ला छोटा एम दिला तर प्रत्येक यंत्राशी शेवटचं काय झालं ते एका ओळीत सांगतो. ‘राँग टाइम टू कॉल’ म्हणजे मुभा नाही. ‘रिट्राय टाइम नॉट रीच्ड’ म्हणजे उसंत चालू आहे. ‘डिव्हाइस लॉक्ड’ म्हणजे मोडेम दुसऱ्या कुणाच्या हातात आहे, किंवा मेलेल्या कार्यक्रमाचं कुलूप मागे राहिलं आहे. यातलं काहीच नाही, शेवटचा कॉल यशस्वी, रांगेत काम पडलेलं आणि तरी हालचाल नाही, तर क्रॉन हाक मारत नाही असं समजा. एवढ्या चार उत्तरांत वेळापत्रकाच्या बहुतेक तक्रारी निकालात निघतात.

परदेशी यंत्राशी जोडणी असेल तर घड्याळाची आणखी एक कटकट आहे. मुभा आणि क्रॉन दोन्ही आपल्या स्थानिक वेळेवर चालतात. आपल्याकडे घड्याळ वर्षभर एकच; अमेरिकेत आणि युरोपात ते वर्षातून दोनदा तासभर पुढे-मागे होतं. तुम्ही फोन लावत असाल तर दर तुमच्या देशाचे, त्यामुळे बिलाला धक्का नाही. पण पलीकडच्याने तुमच्यासाठी मोडेम मोकळा ठेवलेला तास सरकतो. मार्च-एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याला एक ओळ लिहून विचारा. पुण्या-मुंबईच्या माणसाने न्यू जर्सीच्या भाच्याच्या तळघरातल्या यंत्राशी हा खेळ मांडला असेल तर भाच्यालाही सांगा की तिकडच्या रात्री एक ते तीनच्या मधली क्रॉनची कामं टाळ. घड्याळ पुढे जातं त्या रात्री दोन ते तीन हा तासच नसतो आणि मागे येतं त्या रात्री एक ते दोन दोनदा येतो. क्रॉनच्या काही आवृत्त्या पहिल्या वेळी काम गाळतात, दुसऱ्या वेळी दोनदा करतात.

घरातल्या एकाच लाइनवर हे चालवायचं असेल तर तांत्रिक भागाआधी घरातल्यांशी बोला. येणारा फोन मोडेमने किती घंट्यांनंतर उचलायचा हे त्याच्या एस-शून्य या नोंदीत लिहिलेलं असतं. ती शून्य ठेवली तर तो उचलतच नाही. पलीकडचा आपल्याला फोन करणार नसेल तर ती शून्यच ठेवा, म्हणजे आत्याचा फोन मोडेमच्या किंकाळीवर जाणार नाही. रात्री येणारे कॉल घ्यायचेच असतील तर ठरल्या वेळेला क्रॉननेच ती नोंद एक करायची आणि पहाटे पुन्हा शून्य, आणि झोपण्याच्या खोलीतल्या फोनची घंटी बंद. आणि घरात फायबर आलं असेल, फोन त्या डब्यातूनच चालत असेल, तर जास्त वेगाच्या मोडेमला त्यावर टिकणं कठीण जातं. तिथे वेग उतरवून पाहा किंवा यूयूसीपी सरळ इंटरनेटवरून चालवा. मुभा, फेरी, उसंत तिथेही याच फाइलींत.

शेवटची गोष्ट गावाला जाताना करायची. स्पूलची साफसफाई करणारं कामही क्रॉनमध्येच असतं, आणि हनीडॅनबरच्या नेहमीच्या मांडणीत एक दिवस न हललेल्या कामाबद्दल पाठवणाऱ्याला इशारा जातो, सात दिवसांनी ते काम काढून टाकलं जातं आणि मेल परत जाते. म्हणजे तुम्ही दहा दिवस यंत्र बंद करून कोकणात गेलात तर पलीकडच्याच्या स्पूलमधली तुमची मेल सातव्या दिवशी परत फिरेल. निघण्यापूर्वी त्याला कळवा. तो त्याच्या साफसफाईचे दिवस वाढवू शकतो. आपल्या बाजूला यंत्र चालूच ठेवून जाणार असाल तर पोल फाइलमधल्या दिवसाच्या फेऱ्या काढा, रात्रीची एक ठेवा, आणि डिस्कवर किती जागा मोकळी आहे ते एकदा पाहून घ्या.